आखाजीपुरते स्वातंत्र्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी नरडाणा येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला निरोप धाडला की, "ताई, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोला, आणि विषय 'स्वातंत्र्य म्हणजे काय' हा घ्या," तेव्हा खरे सांगते, मी थोडी गांगरले. मी काही विदुषी नव्हे. सारी उमर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवण्यात गेली. स्वातंत्र्यावर बोलायचे तर मोठमोठ्या ग्रंथांची नावे घ्यावी लागतात, अशी माझी समजूत. पण मग मनाशी म्हटले, ज्या वस्तूची उणीव आपल्याला रोज जाणवते, तिच्याविषयी बोलायला ग्रंथ कशाला हवेत? मिठाची चव सांगायला मिठागर पाहून यावे लागत नाही. म्हणून आज मी ग्रंथातले न सांगता घरातलेच सांगणार आहे. गोड मानून घ्या.

आरंभ आपल्या आखाजीपासून करते. खानदेशात आखाजीचे महत्त्व दिवाळीहून उणे नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. अक्षय्यतृतीया जवळ आली की सासुरवाशिणीचे डोळे रस्त्याकडे लागतात. मूळ येते, लेक माहेरी जाते, गौराई बसते, लिंबाच्या झाडाला झोका बांधला जातो. त्या झोक्यावर बसून लेकी गाणी म्हणतात, त्यांत सासूची, नणंदेची, नवऱ्याचीदेखील खुशाल थट्टा करतात, आणि त्या दिवसांत कोणी त्यांना अडवत नाही. मी लहान असताना माझी मोठी बहीण अशीच आखाजीला यायची. झोका वर गेला म्हणजे ती डोळे मिटून घ्यायची. एकदा मी विचारले, "डोळे काय म्हणून मिटतेस?" ती म्हणाली, "उघडे ठेवले की परतीचा दिवस दिसतो."

भगिनींनो, तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. आज कळतो. माझ्या बहिणीला स्वातंत्र्य नव्हते असे नाही. होते, पण आखाजीपुरते होते. दुसऱ्याने दिलेले, दिवस मोजून दिलेले, आणि दिवस भरले की परत घेतले जाणारे. असल्या स्वातंत्र्याला आपल्या भाषेत दुसरे एक नाव आहे. त्याला सुट्टी म्हणतात. सुट्टी आणि स्वातंत्र्य यांतला भेद ज्या दिवशी आपल्या ध्यानात येईल, त्या दिवशी अर्धे काम झाले असे समजा.

याच आखाजीची दुसरी गोष्ट पाहा. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे साल धरतात. मालक सालदाराला बोलावून विचारतो, "काय रे, यंदा राहतोस का? काय घेशील?" सालदार गरीब खरा, त्याच्यावर उचलीचे ओझे असते, आणि त्यामुळे पुष्कळदा त्याचे 'नाही' ओठांवर येऊन परत जाते, हेही खरे. तरीदेखील वर्षातून एकदा त्याला विचारण्याची रीत आहे. आता मी आपणांस विचारते, त्याच आखाजीला त्याच घरातल्या सुनेला कोणी विचारले आहे का, की बाई, तुझ्या मनात काय आहे? आपली कष्टाची जोडी त्याच शेतात, त्याच उन्हात. पण एकाला विचारतात आणि दुसरीला गृहीत धरतात.

आता थोडे इतिहासाकडे वळू. आपला हा मुलूख स्वातंत्र्याच्या बाबतीत कोणाच्या मागे राहिलेला नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंग्यासाठी गोळ्या झेलून पडले. शाळेत जाण्याच्या वयाची ती मुले. १४ एप्रिल १९४४ रोजी आपल्याच शिंदखेडे तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे ओळीने अठरा रविवार विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. दाराला कुलूप, अंगावर कैद्याचे कपडे, आणि बोलणे कशाविषयी, तर मनाच्या मुक्तीविषयी!

या प्रवचनांचा दाखला देऊन काही मंडळी आपल्याला सांगतात, "बायांनो, खरे स्वातंत्र्य आतले असते, बाहेरची बंधने ती काय?" हे ऐकायला फार गोड लागते. परंतु जरा विचार करा. विनोबा आणि गुरुजी तुरुंगात गेले, ते स्वतःच्या निश्चयाने गेले. कशासाठी गेले हे त्यांना ठाऊक होते. आतले स्वातंत्र्य त्यांनी बाहेरच्या स्वातंत्र्याला पर्याय म्हणून जवळ केले नाही. बाहेरचे मिळवताना पाय डगमगू नयेत म्हणून आतले जोपासले. ज्याला दार उघडे हवे असते तो दाराशी झगडताना मन शांत ठेवतो. दार बंदच राहावे म्हणून मन शांत ठेवा, असे जो सांगतो त्याची किल्ली त्याच्याच कनवटीला असते, एवढे ओळखून असावे.

आता मी एका बाईची हकीकत सांगते. आपल्या गावावरून जी गाडी भुसावळहून सुरतेला जाते, त्या सुरतेशी तिचा संबंध आहे. आपल्या कितीतरी घरांतली मुले पोट भरण्यासाठी सुरतेला गेली आहेत, म्हणून सुरत आपल्याला परकी नाही. त्या शहरात १८९५ पासून एका मराठी बाईने डॉक्टर म्हणून अनेक वर्षे बायकांची सेवा केली. तिचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई, तिने पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण ती नांदायला गेली नाही. माहेरीच राहिली आणि पुस्तके वाचत वाढली. ती वयात आल्यावर १८८४ मध्ये नवऱ्याने मागणे केले की बायकोने माझ्या घरी यावे, आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. रखमाबाईंचे म्हणणे एवढेच की, ज्या लग्नाला मी कळत्या वयात संमती दिलेली नाही, त्या लग्नापायी मला कोणी बळजबरीने घेऊन जाऊ शकत नाही.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपील झाले, खटला पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यावर ती बावीस वर्षांची बाई काय म्हणाली? मी तुरुंगात जाईन, पण तिकडे जाणार नाही! सारा देश हादरला. मला येथे मुद्दाम सांगायचे आहे ते असे, की देशाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'नेही तिच्याविरुद्ध लिहिले. थोर पुरुषांची निंदा करावी म्हणून मी हे सांगत नाही. देशाचे स्वातंत्र्य आणि माणसाचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी आपोआप बरोबर येत नाहीत, हे आपल्या लक्षात यावे म्हणून सांगते. घराच्या अंगणातून परका निघून गेला, तरी माजघरात काय चालले आहे हा प्रश्न वेगळा उरतोच.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी उत्तेजन दिले, विलायतेला जाण्यासाठी पैसा उभा राहिला, १८८९ मध्ये रखमाबाई बोटीने लंडनला गेल्या, वैद्यकी शिकल्या आणि परत येऊन सुरतेत कामाला लागल्या. पुढे राजकोटलाही त्यांनी हीच सेवा केली. १९५५ साली, नव्वद वर्षांचे आयुष्य भोगून, त्या वारल्या. स्वतंत्र भारताची राज्यघटना झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

कायद्याचे सांगायचे तर, असल्या हुकमापायी माणसाला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ मध्ये काढून टाकण्यात आली. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला 'नांदायला या' म्हणून कोर्टाकडून हुकूम मागण्याचे कलम मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही घातले गेले. म्हणजे रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न पुरता मिटला आहे, असे कोणी समजू नये.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे मोठ्या लोकांचे झाले. आणि आणखीही एक शंका कोणाच्या तरी मनात असेल, कारण ती मी जन्मभर ऐकत आले आहे: बाईला फार मोकळे सोडले की ती वाहवत जाते, स्वातंत्र्य म्हणजे शेवटी स्वैराचारच. या शंकेला उत्तर रखमाबाईंनी आपल्या आयुष्याने दिले आहे. मोकळी झालेली ती बाई कोठे वाहवत गेली? बाळंतिणीच्या खाटेपाशी! शब्दच पाहा ना. स्व-तंत्र. त्यात 'तंत्र' आहेच. तंत्र सुटले तो स्वैराचार. तंत्र दुसऱ्याच्या हाती गेले ते पारतंत्र्य. आणि आपले तंत्र आपल्या हाती, ते स्वातंत्र्य. बैलगाडीचे कासरे हाती घेणाऱ्याला गाडी पडणार नाही याची काळजी आपसूकच घ्यावी लागते. ज्याला कासरे कधी दिलेच नाहीत त्याला 'तुला हाकता येत नाही' म्हणून हिणवणे, हा कुठला न्याय?

आता माझेच सांगते. माझे वडील गेले, त्यानंतर वर्षभरात माझा भाऊ कागद घेऊन आला. म्हणाला, "अक्का, एवढी सही कर." मी शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नये' असे शिकवणारी. मी तो कागद वाचला नाही. चहा टाकला, पदराला हात पुसले आणि सही केली. ते हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी सोडून दिला होता.

माझ्या भावाविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. त्याने शेत राखले, आईला शेवटपर्यंत सांभाळले. त्याने नीट बसून मागितले असते तर मी दिलेच असते. माझे दुःख जमिनीचे नाही. मी दिले, असे मला म्हणता येत नाही, हे माझे दुःख आहे. देण्यासाठी आधी ती वस्तू आपली आहे हे ठाऊक असावे लागते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा आहे. बायकांना मिळकतीत वाटा मिळावा असे हिंदू कोड बिल पुढे सरकेना, म्हणून १९५१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. हेही त्यांच्या राजीनाम्याचे एक कारण होते. एवढ्या मोठ्या माणसाने ज्याच्यासाठी खुर्ची सोडली, ते मी चहा उकळेपर्यंतच्या वेळात सोडून दिले! सही करण्याचे स्वातंत्र्य मला होते. समजून घेण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. म्हणून सांगते, स्वातंत्र्य दुसरा हिरावून घेतो हे जितके खरे, तितकेच ते आपणही आळसाने, भिडेने, 'लोक काय म्हणतील' या धाकाने सांडून टाकतो.

हेच काम उजळ माथ्याने कसे होते, याचे उदाहरणही आपल्या खानदेशातच आहे. शेतकरी संघटनेने १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्याच मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, अशी ती कल्पना. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर शेतकऱ्यांनी तसे केले. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून त्या बाईचे निंदणी-खुरपणी सुटले नसेल. पण 'आपल्या' शेतात जाणे आणि 'त्यांच्या' शेतात जाणे यांत पावलांचे अंतर तेवढेच असले, तरी चालणारी बाई निराळी असते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या पराभवाची आहे. आपल्या गावात कोणी बाई दाराबाहेर पडली की ओट्यावरून हाक येते, "कथा चालनी वं माय?" ही हाक प्रेमाची आहे, ती मला आवडते. पण मागच्या पावसाळ्यात माझी सून पिशवी भरून पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी उद्याच्या गाडीने सुरतेला जाते. माझी शाळेतली मैत्रीण तिथे राहते, दोन दिवस तिच्याकडे राहीन." लग्न नाही, बाळंतपण नाही, दुखणेखुपणे नाही, नुसती मैत्रीण! माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "कोणाला विचारलंस?"

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "आई, विचारत नाही, सांगते आहे. ते शिरपूरला जाताना सांगूनच जातात ना?"

मी गप्प झाले. खरेच, माझा मुलगा जन्मात कधी विचारून गेला नाही. तो सांगून जातो, आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही. मी स्वतः सुनेची सासू होईपर्यंत जन्मभर विचारतच आले. आणि विचारण्याचे हे ओझे माझ्या डोक्यावरून उतरले, तेव्हा मी ते खाली ठेवले नाही. तिच्या डोक्यावर द्यायला निघाले होते. रात्री पडल्या पडल्या मला माझी बहीण आठवली, तो झोका आठवला, ते मिटलेले डोळे आठवले. सकाळी मी तिच्या पिशवीत दशम्या आणि तीळाची चटणी बांधून दिली. स्टेशनवर ती म्हणाली, "सोमवारी येते." मी म्हटले, "ये, तुला वाटेल तेव्हा." हे चार शब्द उच्चारायला मला किती जड गेले, ते माझे मला ठाऊक. पण तेव्हापासून एक गोष्ट झाली. ती आता मला बारीकसारीकही सांगते. विचारायला लावले की माणूस लपवू लागते; विश्वास ठेवला की आपण होऊन सांगते.

भगिनींनो, माझ्या अल्पमतीप्रमाणे स्वातंत्र्याचा अर्थ मला एवढाच उमगला आहे. विचारण्याच्या जागी सांगणे येते, तेथे स्वातंत्र्य सुरू होते. सांगणे तरी कशाला, असे म्हणाल, तर घर म्हटले की एकमेकांची काळजी आलीच. स्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा नव्हे. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या राज्यघटनेने हिंडण्याफिरण्याचे, बोलण्याचे, मंडळी स्थापण्याचे आणि मानाने जगण्याचे हक्क दिले आहेत. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, आपले खाजगी आयुष्य हादेखील आपला मूलभूत हक्क आहे. घटनेने ते 'नागरिकाला' दिले आहेत. अमक्याची सून, तमक्याची बायको असे तेथे लिहिलेले नाही. परंतु घटना दिल्लीत लिहिली गेली; ती उंबरठ्याच्या आत आणण्याचे काम आपल्यालाच केले पाहिजे.

आणि म्हणून, अध्यक्षबाई, निव्वळ भाषण करून मी खाली बसणार नाही. एक सूचना मांडते. आपल्या मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जावर खाली एक ओळ छापलेली आहे: 'पतीची अथवा पालकांची संमती.' पुढे सहीसाठी जागा. ही ओळ कोणी वाईट हेतूने घातली असे मी म्हणत नाही. पूर्वी एखादीला घरून त्रास होऊ नये म्हणून ती घातली असेल. मी स्वतःही त्या जागी माझ्या यजमानांची सही घेऊन आले होते, आणि त्यांनी ती न वाचताच केली होती! पण सरकारला मत देताना आपण कोणाची संमती जोडत नाही, तर आपल्याच मंडळात, आपल्याच वर्गणीने यायला ती का लागावी? नवे अर्ज छापायचेच आहेत, तेव्हा ती ओळ काढून टाकावी, आणि तेथे अर्जदार बाईने स्वतः वाचून, समजून सही करावी एवढेच असावे. जिला अक्षर येत नसेल तिला ते दुसरीने मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते, पण त्यांची बुद्धी कोणाच्या संमतीवाचून चालत होती, हे साऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या मागे पाहिले.

सूचना लहान आहे. छापखान्याची एक ओळ वाचेल, बस. पण आखाजीपुरत्या स्वातंत्र्यातून बारमाही स्वातंत्र्याकडे जायचे तर पाऊल कोठून तरी टाकले पाहिजे. ते आपल्याच दारातून टाकू. सभेने या सूचनेवर आजच विचार करावा, अशी विनंती करते.